अक्कानं वाटलेला नारळ

हसायलाव व्हय? हुलसूरला त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालतं. कुठनं आला कुणाला ठाव, पर सोंडवाल्या भुंग्यानं आमच्या गल्लीतल्या परसातले नारळ आतनं पोखरून मारले. म्हणून शेतीखात्याकडनं आम्ही घरोघर नवी रोपं द्यायलो होतो. अट एकच, मेलेलं खोड जाळायचं. भुंग्याच्या अळ्या त्यातच असतेत.

रोप घेऊन शेजारच्या अक्काकडं गेलो. झाड पाडलेलं, परस झाडलेलं, राख मात्र कुठंच न्हाई.

“अक्का, खोड जाळलं न्हाई का?”

“कामून जाळू? सासऱ्यानं लावलेलं झाड हाय ते. तुकडे केले अन् आठवण म्हणून वाटले. बसायला चांगले हायत.”

“कुणाला वाटले?”

“सगळ्या गल्लीला. तुझ्या आईला तर बुंध्याचा मोठा तुकडा दिला, बाबा.”

रोप तिथंच टाकून घराकडं पळालो. गल्लीत आमचा एकच नारळ जिता राहिलता. आई त्याच्याच सावलीत, त्या ओंडक्यावर बसून शेंगा फोडायली होती.

“आई, ऊठ! त्या ओंडक्यात...”

“जरा गप रे,” आई कान देऊन म्हणली, “मघापासनं आतनं कुरकुर ऐकू यायलीय.”