जमेल गं तुला!

...आणि वर हसून म्हणतात काय, तर ‘जमेल गं तुला!’ अहो, कशावरून जमेल? तुम्हाला सांगते, ज्याला स्वतःला ते काम करायचं नसतं ना, त्याच्याइतका विश्वास जगात कुणाचा कुणावर नसतो!

आता मी मुळातच अबोल. लग्नात फोटोवाला म्हणाला होता, ‘वहिनी, श्वास तरी घ्या!’ कपडे धुण्याची मशीनं विकणाऱ्या कंपनीत मी तक्रारींना लेखी उत्तरं देते... देत होते! ‘महोदय, आपले पत्र मिळाले. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कळावे, आपली विश्वासू.’ झालं! कुणाचा आवाज नाही, कुणाचं तोंड नाही. नोकरी कसली, माहेर होतं ते माझं! आणि एका सोमवारी साहेब आले, माझ्याच टेबलावर बूड टेकवलं आणि म्हणाले, ‘पत्रं बंद. आजपासून फोन! बदल म्हणजे संधी! ज्याला जमणार नाही, त्याने महिनाअखेर दुसरीकडे बघावं.’ माझा चेहरा बघून लगेच पुढे, ‘तुला जमेल गं!’ बदल म्हणे! याच माणसाची खुर्ची झाडूवाल्या मावशींनी वीतभर सरकवली, तर आठवडाभर ऑफिस डोक्यावर घेतलं होतं!

घरी सांगितलं. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता, ‘जमेल गं.’ सासूबाई तर पेटल्याच. ‘सराव करू! मी गिऱ्हाईक!’ आणि ओट्यापाशी उभं राहून कानाला झारा लावला! ‘हॅलो! तुमचं नवीन मशीन घरात आणलंय, पण चालू आहे की बंद तेच कळत नाही! आणि सकाळी किती उशिरा सुरू होतं हो!’ मला सांगा, हा सराव झाला? मी काय बोलणार? म्हटलं, ‘तक्रार नोंदवली आहे.’

ऑफिसात तर मी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत समोरचा फोन ठेवूनच द्यायचा. महिना सरत आला, आणि मलाही वाटायला लागलं... बिघडलेला माल आपणच आहोत. आपल्याला कोण दुरुस्त करणार?

आणि मग तो फोन. ‘लाज वाटते का? माझे पांढरे शर्ट गुलाबी झाले! बोला की! मुकी माणसं कशाला ठेवता नोकरीवर?’ मुकी! अहो, साहेबांचं बूड, सासूबाईंचा झारा, सगळं एकदम घशाशी आलं... तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघावं? ‘महोदय! आपले ओरडणे पोहोचले!’ पत्रातली भाषा हो! हाताची सवय जिभेवर आली! आणि आता थांबता येईना! ‘शर्टांसोबत आपण लाल मोजा टाकला होता किंवा कसे, ते कळवावे! तसेच ‘मुकी’ हा शब्द मागे घ्यावा! कळावे! आपली विश्वासू!’

अख्खं ऑफिस माझ्याकडे वळून बघायला लागलं. म्हटलं, गेली नोकरी. तर पलीकडून बारीक आवाज आला, ‘...मोजा होता ताई, मुलीचा. शब्द मागे घेतो.’

तुम्हाला सांगते, ‘महोदय’ ऐकल्यावर माणसाला पुढे ओरडताच येत नाही. करून बघा! मला कुणाच्या ‘जमेल’ने जमलं नाही हां, रागाने जमलं! नोकरी टिकली. घरीसुद्धा परवा म्हटलं, ‘महोदया, लवकर उठण्याबाबतची आपली मागणी विचाराधीन आहे.’ झारा आपोआप खाली!

आणि काल काय व्हावं? वरून हुकूम आला, साहेबांची केबिन रद्द! उद्यापासून आमच्यात बसून, कानाला हेडफोन लावून फोन घ्यायचे! साहेब आले माझ्याकडे. बूड कुठे टेकवलं नाही, उभेच. हातात दारावरून काढलेली स्वतःच्या नावाची पाटी. म्हणाले, ‘सगळ्यांच्यात बसून... मला नाही हो जमणार.’

अहो, याच दिवसाची तर वाट बघत होते मी! त्यांचंच ‘दुसरीकडे बघावं’ महिनाभर घासूनपुसून धार लावून ठेवलं होतं! तोंड उघडलं... पाटी कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं... आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

‘जमेल हो सर तुम्हाला!’