अल्पसा आजार नव्हता तो

माझं गाव कणकवलीजवळ, पण ते आता सांगण्यापुरतं. सतराव्या वर्षी मामाने हाताला धरून लालबागला आणलं आणि मिलमध्ये साचेखात्यात चिकटवलं, तेव्हापासून ही चाळ, ही खोली आणि मी. तात्या बोलतात मला सगळे. तुम्ही पण तात्याच बोला, वहीत पण तेच लिहा, आणि चहा प्या आधी, कारण मी रागाने बोलणार आहे आणि तुमचा चहा थंड होणार आहे.

साचेखातं म्हणजे कापड विणायचं खातं. काय सांगू तुम्हाला, शेकडो साचे एकदम धडधडायचे, कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकायला यायचं नाय, म्हणून सगळा कारभार खुणांनी. तंबाखू पायजे तर तळहातावर अंगठा घासायचा, लघवीला जायचं तर करंगळी वर करायची, बाजूवाल्याने मान हलवली की सुटायचं, मग तो त्याचे आणि तुमचे दोघांचे साचे बघणार. माझा बाजूवाला पांडू. मालवणचा, राहायला माझ्याच मजल्यावर, दोन खोल्या सोडून. बाजूवाला अडकलेला असला की तास तास दाबून धरायचो आम्ही. त्या दाबून धरण्याचा पुढे झालेल्या रोगाशी काय संबंध नाय, मी डॉक्टरला विचारलंय. शरीराचा नसेल संबंध. डोक्याचा आहे.

मग संप. सव्वीस वर्षांचा होतो. आज मिटेल, उद्या मिटेल करत वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि संप संपला असं आम्हाला कोणी येऊन सांगितलंच नाय आजपर्यंत. कितीतरी लोक मागच्या गेटने कामावर गेले, मी त्यांना नावं ठेवत नाय, पोरं होती त्यांना. पांडू गेला नाय. मी पण गेलो नाय. तो दादरला फुलांच्या टोपल्या उचलायचा, मी वरळीला एका ऑफिसात वॉचमन लागलो, पण मालकासमोर वाकलो नाय हे आमचं दोघांचं भूषण. लग्नात, पूजेला, कुठेही चार माणसं जमली की पांडू हे सांगणारच. आता त्याच भूषणाला मी शिव्या घालतो. लिहा, शिव्या घालतो असंच लिहा.

साठी झाली आणि दोघांनाही लघवीचा त्रास सुरू झाला. आमच्याकडे संडास कॉमन, सकाळी रांग, आत माणूस जास्त वेळ राहिला की बाहेरून डबे वाजतात. आम्ही दोघं आत गेलो की बाहेर येतच नाय, धार थेंब थेंब, आणि बाहेर हशा. तात्या, आत भाड्याने राहतोस काय रे? आम्ही पण हसायचो. वय झालं, चालायचंच. शेवटी माझी बायको भडकली, बोलली, अख्ख्या मजल्याला कळतंय आणि तुम्हालाच कळत नाय काय? तिनेच दोघांचे केसपेपर काढून आणले आणि आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

डॉक्टर एकदम तरणा. बोलला, घाबरू नका, लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेटची गाठ असते, बऱ्याच वेळा ती नुसती वाढलेली असते, कॅन्सर नसतो, पण बघायला पायजे, रक्ताची एक साधी तपासणी करू आणि बोटाने मागून तपासू. हे ऐकलं आणि पांडूचं तोंड उतरलं. बाकावर बसलो होतो, पडद्याआड एकेक जण जात होता. माझ्यानंतर पांडूचा नंबर. मला आत बोलावलं तेवढ्यात पांडूने करंगळी वर केली. मी मान हलवली. सवयच ती. कुशीवर झोपलो, गुडघे पोटाशी घेतले, मिनिटभराचं काम, संपलं पण. बाहेर येऊन मी पांडूचा केसपेपर हातात घेऊन त्याच्या जागेवर बसलो, पुढच्या माणसाला बोललो, हा नंबर आहे, येतोय तो. तासभर बसलो. पांडू आलाच नाय.

संध्याकाळी गॅलरीत धरला त्याला. तर बोलतो कसा, मालकाफुडे मी वाकलंय नाय, आता ह्या डॉक्टराफुडे वाकू? माका काय झाला नाय, मी ठणठणीत आसंय. मी चार शब्द सुनावले आणि आत गेलो. ओढत न्यायला पायजे होता. नेला नाय.

इथपर्यंत त्याची चूक. आता माझी ऐका.

माझ्या रक्ताचा आकडा वाढलेला निघाला, तुकडा काढून तपासला, कॅन्सर. पण वेळेवर सापडला, गाठीच्या बाहेर गेला नव्हता, ऑपरेशन केलं आणि आज तुमच्यासमोर बसून तोंड चालवतोय. ऑपरेशननंतर काही महिने कपड्यात लघवी व्हायची, पॅड लावायचो, पेपरात गुंडाळून लांब दुसऱ्या गल्लीतल्या कचऱ्यात टाकायचो, आपल्या चाळीतल्या नाय, कोणी बघेल म्हणून. आणि चाळीत सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्या जागेचा कॅन्सर बोलायला लाज वाटली हो. पुरुष ना मी! पांडू भेटायला आला मोसंबी घेऊन. त्याला पण हर्निया सांगितलं. तो पोट धरून हसला, बोलला, बघ, हर्निया निघालो, आणि माका फुकट घाबरवलंस मेल्या. मी पण हसलो. ते माझं हसणं अजून मला झोपू देत नाय.

दोन वर्षांनी पांडूची कंबर धरली. टोपल्या उचलून दुखते बोलला, बाम लावला, मालिश केली. पाय उचलेना तेव्हा पोरीने हॉस्पिटलात नेलं. कॅन्सर हाडांत गेला होता. आठ महिने काढले त्याने, कसे काढले ते मी सांगणार नाय, त्याच्या पोरी अजून इथेच राहतात.

आमच्या जिन्याखाली फळा आहे. पाणी कधी येणार, मीटिंग कधी, कोण गेलं, सगळं त्याच्यावर. माझं अक्षर बरं म्हणून मीच लिहितो. पांडूचं पण मीच लिहिलं, अल्पशा आजाराने दुःखद निधन. सगळे तसंच लिहितात. अल्पशा! आठ महिने माणूस किंचाळत होता.

तेराव्याला शालिनी वहिनीने, त्याच्या बायकोने, मला आत बोलावलं. बोलली, भावोजी, तुमका कॅन्सरच होतो मा? माझ्या बायकोने सांगितलं असेल. मी मान खाली घातली. ती रडली नाय. एवढंच बोलली, तुम्ही हर्निया बोललात म्हणून ते निर्धास्त रवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, मला हर्निया नव्हता, प्रोस्टेटचा कॅन्सर होता, तपासल्यामुळे वाचलो, पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी डॉक्टरला विचारा, घरात वडलांना-भावाला झाला असेल तर त्याच्याही आधी, माझ्याशी बोलायचं तर खोली सत्तावीस. संध्याकाळपर्यंत कोणीतरी पुसलं. सेक्रेटरी बोलला, तात्या, बायका-पोरं वाचतात, शोभतं काय? मी तिथेच ओरडलो, नवराबायकोची भांडणं गॅलरीत उभं राहून करता ती शोभतात? गुटखा थुंकता जिन्यावर ते शोभतं? मरायला लाज नाय वाटत, तपासायला वाटते? परत लिहिलं. परत पुसलं. तिसऱ्यांदा लिहायला खडू घेऊन खाली उतरलो तर शालिनी वहिनी फळ्यासमोर उभी. माझं सगळं तिने आधीच लिहून काढलं होतं, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि खाली एक ओळ स्वतःची. माझ्या नवऱ्याने तपासलं नाही, तो अल्पशा आजाराने गेला नाही. तो फळा मग कोणी पुसला नाय. पाण्याची वेळ आता आम्ही बाजूला कागदावर लावतो.

अकरा जण आले आतापर्यंत खोली सत्तावीसला. दार लोटून घेतात, आवाज बारीक करतात, मी त्यांना शिव्या देतो आणि घेऊन जातो. त्रास सुरू व्हायची वाट बघू नका सांगतो, हा रोग लबाड आहे, सुरुवातीला दुखत पण नाय.

तुमचं वय काय बोललात? त्रेपन्न? मग वही मिटा. सोमवारी सकाळी ओपीडी असते, मी येतो बरोबर, बाकावर बसतो. देव तुम्हाला शंभर वर्षं देवो. पण एक सांगून ठेवतो, तिथे बसल्यावर करंगळी वर केलीत तर आता मी मान हलवणार नाय. मागोमाग येईन आणि कॉलर धरून परत आणीन.