परसातली दुसरी चूल

घर माणसांनी बनतं, ही माझी समजूत बांधकामाची परवानगी देणाऱ्या कचेरीच्या रांगेत उभा राहीपर्यंत टिकली. माझ्यापुढं चतुराबाई होत्या, समोर मुनशी बदरोद्दीन.

“मस्तगडात माझ्या घरामागं खोली बांधायची, मुनशीजी. सून रुसून माहेरी गेल्ती. वेगळी खोली दिली तर येते म्हणून राह्यली.”

“खोलीत चूल मांडणार?”

“मांडणारच की. चुलीवरूनच तर भांडण झाल्तं.”

“मंग ते दुसरं घर झालं, बाई. एका जागेत दोन घरांना इजाजत न्हाई.”

“आन् चूल नसली तर?”

“मंग ती धान्याची कोठी. बिलकुल मंजूर.”

“मंग माझी चूल मोडते. तिची तिकडं मांडू द्या.”

“तुम्ही जेवाल कुठं?”

“तिच्याकडं. लिहा जल्दी.”

मुनशींनी उर्दूत लिहून शिक्का मारला. चतुराबाईंच्या राहत्या घराची नोंद दप्तरात ‘धान्याची कोठी’ अशी झाली.