उजवं चाक

(वलगाव. वांग्याच्या वाफ्याजवळ जॅकवर चढवलेली दोन सीटची शर्यतीची मोटर.)

चिंतामण : नाही म्हणू नकोस, देवीदास. अमरावतीत दुसरा कोणी या गाडीचं चाक उघडायला तयार नाही.

देवीदास : दोन साल झाले, वकीलसाहेब, पाना हातात नाही घेतला मी. वांगे लावतो, वांगे इकतो. जेलातून सुटलेल्याच्या हाती कोन मोटर देते?

चिंतामण : मी देतोय ना. पुढचं उजवं चाक रडतंय. उद्या बाबांना अकोल्याला माझ्या बहिणीकडे, सिंधूकडे न्यायचंय. धाकट्या वामनची गाडी म्हणून विकूही देत नाहीत.

देवीदास : वामनरावाचा जीव ज्याच्या हातानं गेला म्हनता, त्यालेच आनलं चाक खोलाले! धरा थे चाकाची टोपी. मातीत नोका ठेवू.

चिंतामण : वामन गेला तेव्हा डावं निखळलं. ते नागपूरच्या मिस्त्रीनं बदललं. याला तेव्हापासून कोणी हात लावला नाही. मला भीती वाटते.

देवीदास : तुमाले आता भेव लागते. मी जेलात चक्की दळता दळता एकच याद करून राहिलो. नट पुरा आवळाचा, मंग पाव फेरा सैल कराचा. थो केला का नाही? कधी वाटे केला, कधी वाटे राह्यला... थांबा. हे काय हाय?

चिंतामण : काय?

देवीदास : हुंगा.

चिंतामण : तेल आहे कसलं तरी.

देवीदास : बैलबंडीच्या आखाले लावतेत थे वंगन हाय हे! तिळीचं तेल आन काजळी. मी ग्रीस भरलं होतं, ठासून. पुसून हे कोनं भरलं?

चिंतामण : त्या नागपूरच्या मिस्त्रीनं...

देवीदास : त्यानं उजव्याले हात नाही लावला. आत्ताच बोलले तुमी. हे वंगन मोटरीत तापलं का पानी होऊन गळून जाते. बेरिंग कोरडं पडते, जळते, चाक निखळते. वकीलसाहेब, खाली काहून पाहून राहिले?

चिंतामण : बाबांनी भरून घेतलं. तू चाकं भरून दिल्यावर, त्या दसऱ्याला. कोणीतरी सांगितलं, ग्रीसात गाईची चरबी असते. याच गाडीतून ते भातकुलीला पूजेला जायचे. नत्थुजी बंडीवाल्याला बोलावून पुढची दोन्ही चाकं पुसून घेतली.

देवीदास : तुमाले कवा कळलं?

चिंतामण : वामनच्या तेराव्याला. नत्थुजीनंच सांगितलं.

देवीदास : त्याच्या दोन महिन्यानं तुमी कोर्टात उभे राह्यले. शपथ घेऊन म्हटलं, देवीदासनंतर चाकाले कोनी शिवलं नाही.

चिंतामण : आपल्या हातून पोरगा गेला हे कळतं, तर बाबा त्याच दिवशी गेले असते. त्यांना अजून ठाऊक नाही. रोज तुला शिव्या देतात. त्यावरच जगतात.

देवीदास : आन मी कायच्यावर जगू? सहा महिने जेलाचं सोडा. तुमाले समदं ठाव होतं, आन मले माह्याच हातावर शक घ्याले लावला! हे नीचपन हाय.

चिंतामण : आहे. काय करू, सांग.

देवीदास : माही माय थे तुरीच्या आड मिरच्या तोडून राहिली. मले मोटेच्या चाकालेबी हात नाही लावू देत. म्हनते, तुह्या हातानं मानूस मरते. गावाले नोका सांगू, कोर्टाले नोका. तिले सांगा. वीस पावलं चाला.

चिंतामण : तूच सांग ना.

देवीदास : कितीदा म्हटलं, माय, माह्याकडून नाही झालं. आयकून घेते आन रडते.

चिंतामण : भाजी घेऊन ती आमच्याच गल्लीत येते. बोलली कुठं, तर बाबांच्या कानावर जायला किती वेळ? नाही, देवीदास. बाबा गेल्यावर सांगीन. शपथ घेतो.

देवीदास : एक शपथ आयकली तुमची. द्या थो ग्रीसचा डब्बा.

चिंतामण : भरतोस?

देवीदास : म्हातारा बसनार हाय यात. मले शिव्या द्याले जित्ता पाह्यजे ना थो. रॉकेल ओता इथं. आनखी. समदं धुवून निघू द्या.

चिंतामण : देवीदास, मी खरंच...

देवीदास : बोलू नोका. काम करू द्या... झालं. फिरवून पाहा. आवाज हाय?

चिंतामण : नाही.

देवीदास : मंग जा.

(मोटर निघून जाते. देवीदासची माय मिरच्यांची पाटी घेऊन येते.)

तानुबाई : देवीदास, काहून आला होता रे थो वकील?

देवीदास : रस्ता चुकला होता, माय.

तानुबाई : त्याच्या मोटरीले हात तं नाही ना लावला तू?

देवीदास : नाही लावला, माय.