गाळलेला पट्टा

दादा : फोन उचलत नाहीस, म्हणून वर आलो. अप्पा शुद्धीवर आहेत. पण आजचा दिवस काढतील की नाही, डॉक्टरांना सांगता येत नाहीये.

चिमी : हं.

दादा : हं काय? येईल त्या नर्सला विचारतायत, माझ्या यंत्राला धूमकेतू ऐकू आला का म्हणून. यान गेलं ना त्याच्या जवळून?

चिमी : काल गेलं. काही ऐकू आलं नाही.

दादा : अगं, मी फर्निचरवाला माणूस. नीट सांग.

चिमी : सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा येतो. धूमकेतूची वाफ त्यात मिसळली की तो थरथरतो. यानावरचं अप्पांचं यंत्र ती थरथर टिपतं, आपण इथे तिचा आवाज करून ऐकतो.

दादा : मग यंत्र बिघडलं?

चिमी : ठणठणीत आहे. वाटेत एक घरघर येत होती. मला वाटलं, आपल्याच यानाच्या हीटरची. म्हणून तेवढ्या कंपनांचा पट्टा गाळायचा आदेश मी यानाला पाठवला.

दादा : आणि थरथर नेमकी त्याच पट्ट्यात?

चिमी : हो. यानावरच्याच शेजारच्या चुंबकमापकावर स्पष्ट दिसतेय. आमच्याकडे कोरं. गाळलेला भाग यान साठवून ठेवत नाही.

दादा : परत फिरवलं तर?

चिमी : रिक्षा आहे का ती?

(दादा खुर्ची ओढून बसतो.)

दादा : कोणी काही बोललं तुला?

चिमी : नाही रे. सगळे चहा आणून ठेवतायत.

दादा : रडून घे जरा.

चिमी : येतच नाहीये. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटतायत.

दादा : मग अप्पांची ती जुनी ध्वनिफीत लावू, धूमकेतूचीच म्हणून. आधीच्या यानाने ग्रहाजवळ टिपलेली.

चिमी : आपल्याला जेवताना ऐकवायचे ती. पहिल्या शिट्टीलाच ओळखतील.

दादा : मग सांग, धूमकेतूच गप्प होता. कुणाचीच चूक नाही.

चिमी : अप्पा मानतील होय? त्यांना वाटेल, आपलंच यंत्र बहिरं निघालं. उभं आयुष्य घातलंय त्यांनी त्यात.

दादा : आणि खरं सांगितलंस तर तू त्यांच्या मनातून उतरशील. तेही शेवटच्या घटकेला.

चिमी : उतरेन.

दादा : चिमे, गावभर सांगत फिरायचे गं, पोरीने माझं काम हातात घेतलं म्हणून.

चिमी : माहितेय. गाडी कुठे लावलीयस?

दादा : खालीच. वाटेत जरा विचार कर.

चिमी : केलाय. खरं तेच सांगणार. माझं मी पुढे बघेन, दादा. अप्पांकडे तेवढा वेळ नाही.