बोटाभोवतीची माती

निलंग्याच्या बसस्थानकात माझ्या शेजारी बसलेले ते कुंभार जोडपे बराच वेळ एकमेकांकडे पाहत नव्हते. अखेर तिने पदराची गाठ सोडली.

“अवं, ही माती बगा.”

“रुक्मिण, पुण्याची गाडी यायलीय. वॉचमनची नोकरी ठरल्यावर माती कशाला?”

“तेरणेच्या पुरानं आपली कच्ची मडकी विरघळवली, भट्टी नेली. पण जाताना हा गाळ आणून टाकला.”

“पुराचा गाळ रेताड असतो. चाकावर टिकत न्हाई.”

“बोटाला गुंडाळून बगा. चिरली तर तुमी खुशाल जावा.”

“लोक हसतील.”

“चाळीस वर्सं चिखल तुडवलाव, तवा कुणाला लाजलाव?”

त्याने मातीची वात वळली आणि सावकाश बोटाभोवती फिरवली.

“चिरली?”

“न्हाई. लई चिवट हाय.”

“मग?”

“फिरून पूर आला तर?”

“भट्टी औंदा टेकावर बांधू. चाक घराच्या माळवदावर चढवू.”

“आन् तू चढवशील?”

“तुमी खालून ढकला की!”

“पुणे, पुणे! पुण्याला कोण हाय?”

“अवं, कंडक्टर इचारायलाय.”

त्याने पिशवी उचलली आणि गावच्या गाडीकडे चालू लागला.