हुबळीत थांबलेली गाडी

सन्माननीय अध्यक्ष सत्यवानजी, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती बाबुशकाका आल्मेडा, शेजारी बसलेल्या फेलिसिदादकाकी, आमचे सर्व चालक, क्लीनर, हमाल बंधू आणि कसाल पंचक्रोशीतून आलेल्या मंडळींनो,

गुणगौरवाला सुरुवात करण्याआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. मागच्या वर्षी आपल्या ट्रान्सपोर्टच्या वर्धापनदिनी, याच सभागृहात, मी सांगितलं होतं की बाबुशकाकांनी कोकम सरबताची गाडी कसालहून काढून एका दिवसात दावणगेरे गाठलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माल बंगळुरात उतरवला. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ते खरं नव्हतं. गाडी पहिल्या दिवशी हुबळीला थांबली, आणि बंगळुरात एक दिवस उशिरा पोहोचली.

मग मी तसं का सांगितलं? खोटं बोलायचं म्हणून नाही. माझ्या हातात मी आखलेल्या मार्गाचा कागद होता. काय व्हायला हवं होतं ते त्यावर होतं, आणि ते झालंच असं धरून मी वाचत गेले. काकांची डायरी मी उघडलीच नव्हती.

थोडं माझ्याविषयी सांगते, रागावू नका. माझी पहिली शाळा घरातच भरली. अक्षरं मी बाबांच्या फायलीवर गिरवली. परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी हे शब्द मला बाराखडीबरोबरच आले. आई भाजी निवडता निवडता विचारायची, फोंडाघाटानंतर काय? मी म्हणायची, दाजीपूर, राधानगरी, निपाणी. त्यामुळे बाबांनी, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रशेटांनी, मार्ग आखायचं काम माझ्याकडे दिलं तेव्हा मला वाटलं, हे तर मला येतंच.

आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. लांबची गाडी निघण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आपल्या आवारात गाऱ्हाण्यामागोमाग मार्गाचा कागदही वाचला जातो, आणि थट्टेथट्टेत त्यालाही तोच होकार मिळतो. काका आधी क्रुसाकडे मेणबत्ती लावून येतात आणि मग आपल्यात उभे राहून सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या दिवशीही मी वाचलं, पहिला मुक्काम दावणगेरे, आठ तास. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.

ते आठ तास कारचे होते. मी मोबाइलमधला वेळ जसाच्या तसा उतरवला होता. भरलेल्या ट्रकला तिथवर बारा तास लागतात. चालकाने दिवसात आठ तासांहून जास्त गाडी हाकू नये आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास तरी थांबावं, हा नियम त्याच कागदाच्या माथ्यावर मीच लिहिला होता, आणि खाली मीच तो मोडला होता.

काकीने या भाषणासाठी गेल्या आठवड्यात मला डायरी दिली. त्या तारखेखाली काकांनी लिहिलंय: 'हुबळी. तास भरले. गाडी लावली. फोंड्याच्या घाटात गाडी आपलो टायम घेता, ता मोबाईलाक कळणा नाय.' पुढे कळलं, त्यांनी हुबळीहून बाबांना फोन केला, बाबांनी व्यापाऱ्याला उशीर कळवला, त्याची बोलणी ऐकली, आणि दोघांनी ठरवलं, पोरीची पहिलीच आखणी आहे, तिला कळवायचं नाही.

मी काकांकडे गेले. वर्धापनदिनाला तुम्ही समोर बसला होता, गप्प का राहिलात, असं विचारलं. ते जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गो बाय, गाऱ्हाण्यात मदीच कोण नाय म्हणता? आणि तू इतक्या खुशयेन वाचत होतंस."

मला हसू आलं, आणि रडूही. पण मंडळी, गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता. काका आता निवृत्त होतायत आणि त्यांची गाडी त्यांचा पुतण्या शेल्डन घेतोय. परवा त्याची पहिली बंगळुरू फेरी. गुरुवारी मी त्याला नवा कागद दाखवला. पहिला मुक्काम हुबळी, दुसरा तुमकुरूच्या अलीकडे, आणि अवजड गाड्यांना परवानगी असेल त्याच वेळेत तिसऱ्या दिवशी शहरात. तो हसला. "तीन दीस? काकान एका दिसात दावणगेरे गाठल्यान. मी काय तेंच्यापेक्षा म्हातारो आसय?"

माझं एक चुकीचं वाक्य त्याने वर्षभर जपून ठेवलं होतं. त्या वाक्याच्या भरवशावर तो बारा तास चाक धरून बसला असता. म्हणून शेल्डन, सगळ्यांसमक्ष सांगते. तुझे काका मोठे आहेत ते न थांबण्यामुळे नाही. एकतीस वर्षं त्यांच्या हातून कुणाला ओरखडा उठला नाही, कारण तास भरले की ते थांबले. माझ्या कागदाविरुद्धही थांबले. काल डायरीचं ते पान वाचून तू हुबळीचा मुक्काम स्वतःच्या हाताने लिहून घेतलास. मला तेवढं पुरे आहे.

परवा मीही त्याच गाडीत बसणार आहे, हातात घड्याळ आणि पेन्सिल घेऊन. घाट किती वेळ घेतो ते एकदा स्वतः पाहायला हवं. आई म्हणते, उलटीची गोळी विसरू नको.

काका, तुम्हाला शाल दिली, श्रीफळ दिलं. आता मला तुमच्याकडून काही हवंय. निघताना आवारात या. देवाच्या गाऱ्हाण्याला खुशाल व्हय म्हणा, पण माझा कागद वाचताना जिथे खटकेल तिथे मधेच "नाय" म्हणा.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही राहून गेलं असेल, कुणाचा मान चुकला असेल, तर पोटात घाला. कागदात काही चुकलं असेल तर मात्र पोटात घालू नका. ते मला सांगा, सगळ्यांदेखत, परवा सोमवारी, नऊ मार्चला, सकाळी सहा वाजता, गाडी सुरू होण्याआधी.